फॉर्म्युला शर्यती कोलकात्याच्या मनात घर करतील का?

फुटबॉल आणि क्रिकेटवर जीव ओवाळून टाकणाऱ्या कोलकाता शहराच्या नावाने मोटार शर्यतींचा संघही उभा राहिला आहे. इंडियन रेसिंग फेस्टिव्हल या स्पर्धेतील ‘कोलकाता रॉयल टायगर्स’ या संघाची मालकी भारतीय क्रिकेट संघाचे माजी कर्णधार सौरव गांगुली यांनी जुलै २०२४ मध्ये स्वीकारली. मात्र त्या वर्षीच्या हंगामातील शर्यती चेन्नई परिसरात आणि कोइम्बतूर येथे झाल्या. कोलकात्याचे नाव मिरवणारी मोटार कोलकात्यात धावलीच नाही. त्यामुळे नाव आणि नामवंत मालक एवढ्या भांडवलावर हा खेळ या शहराला आपलेसे करू शकेल का, असा प्रश्न उपस्थित झाला आहे. अमेरिकेसारख्या मोटारवेड्या देशातही फॉर्म्युला वनला या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी अनेक दशके झगडावे लागले.

फॉर्म्युला शर्यत म्हणजे काय?

एकच आसन असलेल्या, चारही चाके सांगाड्याबाहेर उघडी असलेल्या मोटारींच्या शर्यतींना सर्वसाधारणपणे फॉर्म्युला शर्यती म्हटले जाते. इंजिन, वजन, टायर आदींबाबतची नियमावली म्हणजेच ‘फॉर्म्युला’. लहान वयात कार्टिंग, त्यानंतर फॉर्म्युला ४, ३, २ आणि अखेरीस फॉर्म्युला वन अशी या खेळाची शिडी आहे.

इंडियन रेसिंग फेस्टिव्हलमध्ये दोन स्पर्धा एकत्र होतात. शहरांच्या नावाचे संघ असलेल्या इंडियन रेसिंग लीगमध्ये २०२४ साली वापरलेल्या मोटारींची चाके झाकलेली होती व प्रत्येक संघात एक महिला चालक होती. खऱ्या अर्थाने उघड्या चाकांची स्पर्धा म्हणजे तिच्याच जोडीने होणारी फॉर्म्युला ४ इंडियन चॅम्पियनशिप. त्यामुळे जागतिक शिडीच्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवण्याची संधी भारतातच उपलब्ध झाली आहे.

अमेरिकेचा धडा

अमेरिकेत मोटार शर्यतींची आवड नव्हती असे कधीच नव्हते. इंडियानापोलिस येथील ५०० मैलांची शर्यत १९११ पासून होत आहे. १९५० ते १९६० या काळात ती जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतही गणली जात असे. मात्र युरोपातील चालक तिच्याकडे क्वचितच फिरकत. अमेरिकी प्रेक्षकांना स्वतःचे चालक, स्वतःचे लंबवर्तुळाकार मार्ग आणि स्वतःचे वीर होते. परदेशी मालिकेची त्यांना गरज भासत नव्हती.

फॉर्म्युला वननेही तेथे एका जागी मूळ धरले नाही. न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन येथे १९६१ ते १९८० अशी सलग वीस वर्षे शर्यत झाली. त्यानंतर मात्र लास व्हेगासमधील एका हॉटेलचे वाहनतळ, डेट्रॉइट, डॅलस आणि फिनिक्स असा मुक्काम हलत राहिला. १९९१ नंतर अमेरिकेत शर्यतच उरली नाही. २००० साली ती इंडियानापोलिसला परतली आणि प्रेक्षकही मोठ्या संख्येने परतले.

१९ जून २००५ रोजी मात्र या प्रयत्नांवर पाणी पडले. मिशेलिन कंपनीचे टायर तेथील वेगवान वळणावर सुरक्षित नसल्याचे स्पष्ट झाले. तोडगा निघाला नाही आणि २० पैकी १४ मोटारी प्राथमिक फेरी पूर्ण करून माघारी वळल्या. प्रत्यक्ष शर्यत केवळ सहा मोटारींमध्ये झाली. संतप्त प्रेक्षकांनी मार्गावर बाटल्या फेकल्या. पुढे मिशेलिनला तिकिटांचे पैसे परत करावे लागले. योगायोग असा की, भारताच्या नारायण कार्तिकेयनने याच शर्यतीत चौथा क्रमांक मिळवला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा तो पहिला भारतीय ठरला. अमेरिकी चाहत्यांच्या दृष्टीने काळा ठरलेला दिवस भारतीय मोटार क्रीडेच्या इतिहासात मात्र नोंदला गेला.

२००७ नंतर पुन्हा खंड पडला. २०१२ मध्ये ऑस्टिन येथे खास बांधलेल्या मार्गावर शर्यत सुरू झाली. २०१७ च्या प्रारंभी लिबर्टी मीडिया या अमेरिकी कंपनीने फॉर्म्युला वनची मालकी घेतल्यानंतर चित्र पालटले. २०१९ पासून नेटफ्लिक्सवर प्रसारित झालेल्या मालिकेने चालकांचे स्वभाव, संघांतील हेवेदावे आणि पराभवाची व्यथा घराघरांत पोहोचवली. अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर २०१८ मध्ये एका शर्यतीला सरासरी सुमारे साडेपाच लाख प्रेक्षक होते. २०२२ मध्ये ही संख्या १२ लाखांवर गेली. त्याच वर्षी मायामी आणि २०२३ मध्ये लास व्हेगास येथील शर्यतींची भर पडली.

विशेष म्हणजे, हा बदल स्थानिक विजेत्याशिवाय घडला. १९७८ साली मारिओ आंद्रेत्ती जगज्जेता झाला. त्यानंतर एकही अमेरिकी चालक ग्रां प्री जिंकलेला नव्हता. प्रेक्षकाला आपला माणूस हवा असतो हे खरे. परंतु तो नसेल तर निदान ओळखीचा चेहरा आणि दरवर्षी ठरलेल्या वेळी येणारी शर्यत तरी हवी, असे अमेरिकेच्या अनुभवावरून दिसते.

ग्रेटर नोएडाचा अल्पजीवी उत्सव

भारताने याच्या नेमका उलट मार्ग धरला. आधी भव्य मार्ग उभारला गेला आणि चाहता आपोआप तयार होईल असे गृहीत धरण्यात आले. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्गावर ३० ऑक्टोबर २०११ रोजी पहिली इंडियन ग्रां प्री झाली. २०११, २०१२ आणि २०१३ या तिन्ही वर्षी जर्मनीचा सेबॅस्टियन फेटेल विजयी ठरला. २०१३ मध्ये त्याने आपले चौथे विश्वविजेतेपद याच मार्गावर निश्चित केले. ती भारतातील अखेरची फॉर्म्युला वन शर्यत ठरली.

उत्तर प्रदेश सरकारने या शर्यतीला खेळ न मानता करमणूक मानले आणि करमणूक कराचा प्रश्न निर्माण झाला. परदेशातून येणाऱ्या मोटारी व साहित्यावरील सीमाशुल्क आणि उत्पन्नावरील प्राप्तिकर यांचे वादही सुरू झाले. या शर्यतीतून मिळालेले उत्पन्न भारतात करपात्र असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. तोवर मार्ग ओस पडला होता. ही शर्यत बंद पडू नये म्हणून कोणत्याही शहरात चाहते रस्त्यावर उतरले नाहीत, हे अधिक बोलके आहे. क्रिकेटच्या बाबतीत असे घडले असते का, याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे.

विस्मरणात गेलेली धावपट्टी

कोलकात्याला मोटार शर्यती नव्या नाहीत. कायमस्वरूपी मार्ग नसण्याच्या काळात भारतातील शर्यती विमानांच्या धावपट्ट्यांवर होत. मद्रासजवळ शोलावरम, मुंबईत जुहू आणि कोलकात्याजवळ बराकपूर ही त्यांची प्रमुख ठिकाणे होती. ‘द स्टेट्समन’ या दैनिकाची जुन्या मोटारींची फेरी १९६८ पासूनची, तर कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा येथील कारखान्यात तयार होणारी अ‍ॅम्बेसेडर २०१४ पर्यंत भारतीय रस्त्यांची ओळख होती. पुढे फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाचे मालक झालेले विजय मल्ल्या यांचे शिक्षणही याच शहरात झाले.

तरीही हा वारसा पुढे सरकला नाही. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने शोलावरमनंतर इरुंगट्टुकोट्टई येथे स्वतःचा मार्ग उभारला. कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे झाला. नारायण कार्तिकेयन कोइम्बतूरचा आणि करुण चंडोक चेन्नईचा, हा निव्वळ योगायोग नव्हे. पूर्व भारतात मात्र अशा दर्जाचा कायमस्वरूपी मार्ग झाला नाही.

महाराष्ट्रातील कोल्हापूरचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. महानगर नसतानाही तेथे कार्टिंगची धावपट्टी उभी राहिली आणि तेथील कृष्णराज महाडिक यांनी ब्रिटनमधील फॉर्म्युला ३ मालिकेपर्यंत मजल मारली. जेथे मुलाला स्टिअरिंग हाती घेता येते, तेथेच खेळ रुजतो. धावपट्टी नसलेल्या शहरातील मुलाला सरावासाठी दक्षिणेत जाऊन राहावे लागते आणि मुळातच महागडा असलेला हा खेळ बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर जातो.

कोलकात्याचा चाहता कसा घडतो?

या शहरात एखाद्या संघाचे समर्थन करणे म्हणजे केवळ सामने पाहणे नव्हे. मोहन बागान १८८९ सालचा, ईस्ट बंगाल १९२० सालचा. पश्चिम बंगालमधील मूळ रहिवासी ‘घोटी’ आणि पूर्व बंगालमधून आलेले ‘बांगाल’ यांच्या भाषेचा, स्थलांतराचा, अगदी कोळंबी आणि हिलसा या माशांच्या आवडीचाही या दोन संघांशी संबंध जोडला जातो. १३ जुलै १९९७ रोजी या संघांमधील फेडरेशन चषकाच्या उपान्त्य सामन्याला १ लाख ३१ हजारांहून अधिक प्रेक्षक उपस्थित होते.

परक्या खेळाडूंनाही हे शहर डोक्यावर घेते. २४ सप्टेंबर १९७७ रोजी पेले न्यूयॉर्क कॉसमॉस या अमेरिकी संघातून मोहन बागानविरुद्ध ईडन गार्डन्सवर खेळला. सामना २–२ असा बरोबरीत सुटला आणि त्याची आठवण पुढील पिढ्यांनीही जपली. परंतु केवळ तारांकित पाहुणा आणून भागत नाही. १३ डिसेंबर २०२५ रोजी लिओनेल मेस्सी सॉल्ट लेक येथील क्रीडांगणावर आला, तेव्हा त्याच्याभोवतीच्या गराड्यामुळे पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांना तो नीट दिसलाच नाही. तो लवकर निघून गेल्यावर संतप्त जमावाने क्रीडांगणाची नासधूस केली. वीस वर्षांपूर्वीच्या इंडियानापोलिसची आठवण व्हावी, असाच हा प्रसंग होता.

गांगुली यांच्या सहमालकीचा अ‍ॅटलेटिको द कोलकाता हा फुटबॉल संघ २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगच्या पहिल्याच हंगामात विजेता ठरला. २०२० मध्ये ‘एटीके मोहन बागान’ हे संयुक्त नाव आले, तेव्हा मोहन बागानच्या समर्थकांनी ‘एटीके’ ही अक्षरे हटवण्यासाठी दीर्घकाळ आवाज उठवला. अखेर २०२३ मध्ये ती वगळण्यात आली. विजेतेपदे मिळूनही नव्या नावाला जुन्या जिव्हाळ्याची जागा घेता आली नाही.

याउलट २००८ मध्ये स्थापन झालेल्या कोलकाता नाईट रायडर्सने शहरात स्थान मिळवले. तोही व्यावसायिक संघच होता. २०११ मध्ये गांगुली यांना संघात न घेतल्याने चाहते संतापले होते. परंतु हा संघ ईडन गार्डन्सवर खेळत राहिला. २०१२ मध्ये त्याने पहिले विजेतेपद मिळवले आणि दुरावा मिटला. रॉयल टायगर्ससाठी यातील बोध स्पष्ट आहे. नामवंत मालक पहिल्या दिवशी लोकांचे लक्ष वेधून घेतो. दुसऱ्या हंगामात त्यांना परत आणते ते घरचे मैदान.

शहरात शर्यत शक्य आहे का?

हैदराबादमध्ये ११ फेब्रुवारी २०२३ रोजी फॉर्म्युला ई ही विजेवरील मोटारींची शर्यत हुसेन सागर तलावाच्या परिसरात झाली. राज्यात सत्ताबदल झाल्यानंतर २०२४ ची शर्यत रद्द करण्यात आली. चेन्नईत ३१ ऑगस्ट व १ सप्टेंबर २०२४ रोजी आयलंड ग्राउंड्स परिसरातील रस्त्यांवर प्रकाशझोतात शर्यती झाल्या. त्यापूर्वी प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेले होते. सार्वजनिक रस्ते बंद ठेवणे, रुग्णालयांची वाट मोकळी राखणे, आवाज आणि सरकारी खर्च हे प्रश्न कोणत्याही शहरात उपस्थित होणारच.

कोलकात्यात सर्वप्रथम नजर जाते ती दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची धावपट्टी म्हणून वापरल्या गेलेल्या रेड रोडवर. मात्र मैदान परिसर लष्कराच्या अखत्यारीत आहे. पर्यावरणाच्या कारणावरून पुस्तक मेळ्यालाही २००७ मध्ये मैदान सोडावे लागले. जेथे पुस्तकांना जागा मिळाली नाही, तेथे इंजिनांना ती मिळणे कठीण आहे. न्यू टाउनमधील रुंद रस्ते हा अधिक व्यवहार्य पर्याय ठरू शकतो. तरीही वर्षातून दोन दिवसांच्या शर्यतीपेक्षा वर्षभर खुली राहणारी कार्टिंगची धावपट्टी शहराला अधिक काही देऊन जाईल.

पडद्यावरचा अडसर

युरोपातील बहुतांश फॉर्म्युला वन शर्यती उन्हाळ्यात भारतीय वेळेनुसार सायंकाळी साडेसहाला सुरू होतात. कोलकात्यातील गप्पांच्या अड्ड्यासाठी ही अगदी सोयीची वेळ आहे. परंतु स्टार स्पोर्ट्सचा करार २०२२ च्या हंगामानंतर संपला आणि २०२३ मध्ये भारतीय प्रेक्षकांना फॉर्म्युला वनच्या स्वतःच्या सशुल्क सेवेवर अवलंबून राहावे लागले. २०२४ पासून हे हक्क फॅनकोड या डिजिटल सेवेकडे गेले. दिवाणखान्यातील सामायिक पडद्यावरून हा खेळ प्रत्येकाच्या हातातील भ्रमणध्वनीवर गेला. जाणत्या चाहत्याची सोय झाली. पण वाहिन्या बदलताना सहज शर्यतीवर थबकणारा नवा प्रेक्षक हरवला. अमेरिकेत चाहते वाढले ते खेळ अधिक लोकांच्या नजरेस पडू लागल्यामुळे. भारतात त्याची दारे अरुंद झाली.

दरम्यान, बंगळुरूच्या कुश मैनीने मे २०२५ मध्ये मोनॅको येथील फॉर्म्युला २ स्प्रिंट शर्यत जिंकून भारतीय चालकांची क्षमता पुन्हा सिद्ध केली. परंतु २०१२ च्या हंगामात कार्तिकेयन अखेरचा धावला, त्यानंतर फॉर्म्युला वनच्या शर्यतीत भारतीय चालक सहभागी झाल्याचे २०२५ पर्यंत दिसले नाही.

कोलकाता हा खेळ स्वीकारणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. ज्या शहराने ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे आपल्या गल्ल्यांत फडकावले, त्याला परक्याशी नाते जोडणे अवघड नाही. मात्र हे नाते विकत घेता येत नाही. बराकपूरची धावपट्टी विस्मरणात गेली ती शहराला वेगाची आवड नव्हती म्हणून नव्हे. तेथे पाहिलेले स्वप्न पुढच्या पिढीला जवळपास कोठे गिरवता आले नाही, म्हणून. रॉयल टायगर्सच्या मोटारीवर कोलकात्याचे नाव आले आहे. त्या मोटारीत कोलकात्यात शिकलेला चालक बसेल, तेव्हाच हा संघ खऱ्या अर्थाने शहराचा होईल.