छपराच्या तक्तपोशीची बांधणी (फ्लोरिडा)

छपराची तक्तपोशी म्हणजे वाशांवर किंवा लाकडी कैच्यांवर खिळ्यांनी ठोकलेले प्लायवुडचे वा तत्सम तक्ते. शिंगल, कौले आणि जलरोधक आच्छादन त्यावर बसते. महाराष्ट्रातील पारंपरिक कौलारू घरात कौले बहुधा रिपांवर बसतात. अमेरिकेतील लाकडी घरांत मात्र सलग तक्तपोशी असते. हरिकेनमध्ये ती उखडू नये यासाठी फ्लोरिडा राज्याच्या इमारत संहितेत सविस्तर नियम आहेत.

तक्ते का उखडतात

छप्पर वाऱ्याने दाबले जात नाही, तर वर ओढले जाते. छपरावरून वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होतो व वरच्या दिशेने शोषण निर्माण होते. कडा आणि कोपरे येथे भोवरे उठत असल्याने तेथे हे शोषण सर्वाधिक असते. एखादी खिडकी फुटली तर आत शिरलेला वारा खालूनही छपराला ढकलतो. वाऱ्याचा भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दीडपट झाल्यास भार सव्वादोन पट होतो. हा सारा भार अखेर खिळ्यांवर येतो. खिळ्याची पकड त्याची जाडी, लाकडात शिरलेली लांबी आणि लाकडाची घनता यांवर ठरते. वाशाला चुकवून बाजूने गेलेला खिळा वरून ठोकलेला दिसतो, पण त्याची पकड शून्य असते.

तक्तपोशी कैच्यांना एकमेकींशी जोडून उभे धरण्याचेही काम करते. तक्ते गेले की टोकाच्या त्रिकोणी भिंतीजवळील कैच्या आधार सुटून कलंडतात आणि उरलेले छप्पर त्यांच्यामागे जाते.

अँड्र्यूनंतरचे बदल

२४ ऑगस्ट १९९२ रोजी हरिकेन अँड्र्यू दक्षिण फ्लोरिडात होमस्टेडजवळ धडकले. डेड काउंटीत २५ हजारांहून अधिक घरे नष्ट झाली आणि सुमारे १ लाख घरांचे नुकसान झाले. दक्षिण फ्लोरिडाची तत्कालीन संहिता देशातील कडक संहितांपैकी मानली जाई. तरीही पाहणीत वाशाला चुकवलेले खिळे, फार अंतरावर ठोकलेले खिळे आणि खिळ्यांऐवजी वापरलेल्या स्टेपल आढळल्या. दोष नियमांइतकाच तपासणीचाही होता. त्यानंतर तेथे तक्तपोशीसाठी स्टेपलवर बंदी आली.

संपूर्ण राज्यासाठीची फ्लोरिडा इमारत संहिता १ मार्च २००२ पासून लागू झाली. मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड या दोन काउंटी तिच्यात 'अतिवेगवान हरिकेन क्षेत्र' म्हणून वेगळ्या धरल्या असून त्यांचे निकष अधिक कडक आहेत. पूर्वी सहा पेनी मापाचे खिळे तक्त्याच्या कडेला ६ इंचांवर व मध्यभागी १२ इंचांवर ठोकण्याची पद्धत सर्रास होती. आता आठ पेनी, म्हणजे अडीच इंच लांबीचे जाड खिळे आणि ६ इंच अंतर हे परिचित प्रमाण झाले आहे. अंगावर कडी असलेले खिळे अधिक पसंत केले जातात, कारण लाकडाचे तंतू त्या कड्यांत अडकून खिळा सहज उपटला जात नाही.

जुनी घरे

नव्या घराला नियम लावणे सोपे. अडचण आधीच्या घरांची होती. म्हणून २००७ पासून, जुन्या एककुटुंबी घराचे आच्छादन बदलताना तक्तपोशीचे खिळे तपासून आवश्यक तेथे नवे ठोकणे बंधनकारक करण्यात आले. आच्छादन काढल्याने तक्ते उघडे पडलेलेच असतात, त्यामुळे हे काम त्या वेळी अल्प खर्चात होते. त्याच वेळी पाण्याला दुसरा अडसरही करावा लागतो. तक्त्यांच्या सांध्यांवर किमान ४ इंच रुंदीची चिकटपट्टी लावणे हा त्याचा एक मान्य प्रकार आहे. शिंगल उडाले तरी सांध्यांतून पाणी घरात उतरू नये, हा त्यामागील हेतू.

विमा सवलत

फ्लोरिडातील कायद्यानुसार वादळरोधक बांधणी असलेल्या घरांना विमा हप्त्यात सवलत द्यावी लागते. त्यासाठी तपासनीस पोटमाळ्यावर चढून तक्त्यांतून खाली आलेली खिळ्यांची टोके पाहतो, त्यांतील अंतर मोजतो आणि ठराविक नमुन्यात नोंद करतो. स्टेपल किंवा सहा पेनी खिळे हा त्यातील सर्वांत दुर्बल वर्ग होय. आठ पेनी खिळे मध्यभागीही ६ इंचांवर असल्यास घर वरच्या वर्गात जाते.