नवतपा आणि ग्राफिक्स कार्ड

नवतप्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या घरात जातो. शाळा-कॉलेजांना सुट्ट्या असतात, उन्हामुळे बाहेर पडायची सोय नसते आणि जुन्या कॉम्प्युटरवर अडखळणारी ‘जीटीए ५’ नीट चालावी म्हणून ग्राफिक्स कार्ड टाकायचा विषय नेमका याच दिवसांत घरोघरी निघतो. दुकानात कार्डाचं नाव आणि मेमरी किती जीबी, एवढंच विचारलं जातं. चंद्रपूर-गडचिरोलीत त्याआधी विचारायला हवं, ते कार्ड किती वॅट खातं!

१९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची, तर दर सेकंदाला १२ कोटींहून जास्त ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. प्रोसेसरचे चार-सहा कोअर गुंतागुंतीच्या कामात तरबेज. पण इथे काम सोपं आणि प्रचंड आहे. म्हणून ग्राफिक्स कार्डात शेकडो छोटे कोअर एकाच वेळी राबतात. २०१९ मध्ये आलेल्या जीटीएक्स १६५० मध्ये ते ८९६ आहेत. या सगळ्या गणितात खर्चलेली वीज शेवटी जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते.

चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅट क्षमतेचं आहे. अशा केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते, बाकीची चिमणी आणि कूलिंग टॉवरमधून निघून जाते. कोळशापासून एवढ्या सायासानं मिळालेली ती वीज कार्डात शिरली, की पुन्हा उष्णताच होते आणि आपल्याच खोलीत उतरते.

कार्डाचा पंखा खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे चिप त्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. दोन्हींच्या तापमानातला फरक साधारण ठरलेला असतो. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत ६५ वर चालणारी चिप मे महिन्यात ४५ अंशांच्या खोलीत ८५ च्या आसपास पोचते. मग ती जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करते आणि खेळ पुन्हा अडखळतो. घुग्गुस-बल्लारपूरकडची कोळशाची धूळ किंवा एटापल्लीच्या रस्त्यांवरची लाल धूळ हीटसिंकच्या पात्यांत बसली, की हा फरक आणखी वाढतो. म्हणून उन्हाळ्याआधी कॅबिनेट उघडून साफ करावं. कूलरच्या दमट हवेची फार भीती नको, कारण चालू कार्ड हवेपेक्षा गरम असल्यानं त्यावर दव धरत नाही. कूलरचे तुषार मात्र कॅबिनेटवर येता कामा नयेत.

वॅटचा हिशेब एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यालाही लागतो. मदरबोर्डवरचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याहून जास्त हवे असतील, तर एसएमपीएसमधून सहा किंवा आठ पिनांची वेगळी वायर लागते. ऑफिसातून निघालेल्या सेकंडहँड कॉम्प्युटरांत ती बहुधा नसतेच. तिथे ७५ च्या आतलं कार्डच बरं: जीटी १०३० (३० वॅट), आरएक्स ६४०० (५३ वॅट) किंवा आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल (७० वॅट). त्यातही पारखून घ्यावं लागतं. जीटी १०३० चं डीडीआर४ मॉडेल मेमरीच्या वेगात जीडीडीआर५ च्या निम्मंही नाही. आरएक्स ६४०० ला मदरबोर्डशी जोडणाऱ्या चारच लेन असतात, त्यामुळे जुन्या बोर्डावर ते मंदावतं. ३०५० चं ८ जीबीचं मॉडेल तर १३० वॅटचं आहे.

गडचिरोलीच्या आतल्या गावांत वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच भार पेलतो. कॉम्प्युटर, मॉनिटर आणि ७५ वॅटच्या आतलं कार्ड त्यात बसतं; मोठ्या कार्डाला तो कमी पडू शकतो.

खरेदीआधी दोन गोष्टी करून पाहाव्यात. कार्ड नसलेला कॉम्प्युटर चित्रांसाठी रॅमच वापरतो. रॅमची एकच पट्टी असेल आणि बोर्डाला चालत असेल, तर तशीच दुसरी लावावी. डेटाची वाट दुप्पट रुंद होते आणि उष्णता जवळपास वाढत नाही. दुसरी चाचणी फुकटची आहे. गेमचं रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८ वर आणा. ठिपके जवळपास निम्मे होतात. खेळ सुधारला, तर कार्डाचा उपयोग होईल. तरीही तो तसाच अडखळला, तर बहुधा प्रोसेसरच कमी पडतोय. मग कार्डाचे पैसे खिशातच राहू द्या.