मांडीवरची तळहाताएवढी जागा

पहाटे ४ ला ओट्यावर तराजू मांडला. सोनाराकडे असतो तसला, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. चैत्र लागलाय, आमच्या गावात, देवळ्यात, उन्हाळ कांद्याची काढणी जोरात आहे. रस्त्यावरून मजूर बायकांची पिकअप गेली तेव्हा मी रिकामे डार्ट एकेक करून तोलत होते. डार्ट म्हणजे बंदुकीतून उडणारी इंजेक्शनची नळी. पुढे सुई, मागे सरळ उडण्यासाठी लोकरीचा गुलाबी झुबका. सहापैकी एकाचा झुबका मागच्या वेळी नवा चिकटवला होता. तो बाकीच्यांपेक्षा सव्वा ग्रॅमने जड भरला. बाजूला ठेवला. काल संध्याकाळी ज्या वजनावर नेम बसवला, आज त्याच वजनाचा डार्ट उडायला हवा.

मी जनावरांची डॉक्टर. एरवी गाई, म्हशी आणि शेळ्या. वनखात्याला गरज पडते तेव्हा भूल द्यायला जाते. येवला तालुक्यात राजापूर-ममदापूरच्या माळावर एका काळवीट नराच्या शिंगांत डाळिंबाच्या बागेवरची जाळी अडकली होती. मान खाली घातली की जाळी तोंडावर येई, त्यामुळे तीन दिवस त्याला नीट चरता आलं नव्हतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात ‘शिकार’ या शब्दात मारण्याबरोबर पकडणंही येतं. काळवीट पहिल्या अनुसूचीतलं, म्हणून जीव वाचवण्यासाठी बेशुद्ध करायलाही मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो. तो काल रात्री आला.

४.४५ ला मी आणि वनरक्षक निघालो. चांदवड गेलं, मनमाड गेलं, तरी अंधारच होता. अशा प्रवासात माझ्या डोक्यात बाणांचा हिशोब चालू असतो. अमेरिकेत धनुष्याने हरणाची शिकार कायदेशीर आहे, आणि तिथले शिकारी बाणाच्या वजनावर फार बारकाईने लिहितात. ते मी आवर्जून वाचते. त्यांचं माप ग्रेन. एका ग्रॅममध्ये सुमारे १५.४ ग्रेन. हरणासाठी ३५० ते ५०० ग्रेनचा बाण पुष्कळजण वापरतात. हलका बाण वेगाने सुटतो, त्याचा मार्ग सपाट राहतो, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी चालतं. जड बाण सावकाश जातो, पण लागल्यावर आत घुसत राहतो. नेम धरायचा पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात, म्हणजे दोन्ही फुप्फुसं फुटतात आणि जनावर लवकर पडतं. पोटात लागला तर ते तासन्‌तास तडफडतं. म्हणून त्यांच्यातला जबाबदार माणूस आडवं किंवा किंचित पाठमोरं हरीण मिळेपर्यंत दोरी सोडत नाही.

गणित माझंही तेच आहे, मला हवं ते मात्र उलट. ४०० ग्रेनचा, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला ८० मीटर वेगाने गेला तर त्यात ८३ ज्यूल ऊर्जा असते. माझा डार्ट १० ग्रॅमचा आणि वेग ५० मीटर धरला तर साडेबारा ज्यूल. एवढीही काळविटाच्या बारीक हाडाला जास्त होऊ शकते. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते. भरलेल्या औषधाचा प्रत्येक मिलिलिटर साधारण एक ग्रॅम वाढवतो. म्हणून औषध थोडक्यात मावेल असं तीव्र घ्यायचं, नळी सर्वांत लहान, सुई आखूड, आणि बंदुकीतल्या वायूचा दाब अंतराला पुरेल इतकाच. जवळून जास्त दाबाने मारलेला डार्ट मांडीचं हाड मोडतो, आणि पाय मोडलेलं काळवीट माळावर जगत नाही.

६.३० ला माळावर पोचलो. औषध इथेच भरलं, हातमोजे घालून. डार्टच्या मागच्या कप्प्यात हवा भरली, सुईच्या बाजूच्या छिद्रावर सिलिकॉनची बारीक नळी चढवली. सुई कातड्यात शिरली की ही नळी मागे सरकते, छिद्र उघडं पडतं आणि हवेच्या दाबाने औषध आत जातं.

आम्ही एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलो. पायी माणूस दिसला की कळप उधळतो, पण ट्रॅक्टर त्यांच्या रोजच्या ओळखीचा. ट्रॅक्टर चालवणाऱ्या भाऊंना दुर्बिणीतून जाळी दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपल्याच एखाद्या बागेतली असंल ना, मॅडम.”

७.०५ ला तो नर ३० मीटरवर तोंड आमच्याकडे करून उभा राहिला. समोरून छाती, मान आणि डोकं दिसतं, त्यातलं काहीच माझ्या कामाचं नाही. बोट चापाबाहेर ठेवलं. ७.२० ला आडवा आला, पण अंतर ४१ मीटर आणि वारा सुटलेला. सोडलं. सोबतचा तरुण वनरक्षक अस्वस्थ झाला. त्याचं बरोबर होतं, ऊन चढत होतं.

७.३५ ला मी डार्ट मारला आणि चुकले. डार्ट त्याच्या पायांपुढे गवतात पडला. झुळूक समोरून आली होती, ती मी धरली नव्हती. कळप दोनशे मीटर पळाला. मी ट्रॅक्टर थांबवायला सांगितला आणि १० मिनिटं कुणी हललं नाही. मागे लागणं हीच इथली सर्वांत मोठी चूक असते. पळून दमलेल्या हरणाच्या स्नायूंत आम्ल साचतं, स्नायूंचे तंतू मोडतात आणि त्यांचा चोथा रक्तातून मूत्रपिंडात जाऊन बसतो. कॅप्चर मायोपॅथी म्हणतात तिला. सोडताना धडधाकट दिसलेलं जनावर दोन-चार दिवसांनी मरतं, लघवी कॉफीच्या रंगाची होते. पुस्तकात वाचणं वेगळं. एका चिंकारा मादीत मी ते पाहिलंय, आणि तिला पकडताना घाई माझीच झाली होती.

७.५० ला तो २६ मीटरवर होता, किंचित पाठमोरा. मागची मांडी पूर्ण दिसत होती. तिच्यात तळहाताएवढी जागा अशी, की जिथे मांस जाड आहे, हाड खोल आहे आणि पोट लांब आहे. २६ मीटरला डार्टला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकतं. त्याने मान हलवून जाळी झटकली आणि पाय रोवून थांबला. तेव्हा मारला. गुलाबी झुबका मांडीवर दिसला.

७.५८ ला तो बसला. आणखी पाच मिनिटं आम्ही लांबूनच पाहत राहिलो. मग डोळ्यांवर फडकं बांधलं, कानांत कापूस घातला, छातीवर बसवून मान उंच आणि तोंड उतरतं धरलं. रवंथ करणारं जनावर कुशीवर पडलं तर पोट फुगतं आणि चारा श्वासनलिकेत जातो. ताप ४०.१ अंश. अंगावर ओली पोती टाकली. वनरक्षकाने पिळदार शिंगांतून जाळीचा धागा न्‌ धागा कापून काढला. मी सुई काढून जखम धुतली. उताऱ्याचं इंजेक्शन मात्र ८.३५ पर्यंत दिलं नाही. डार्टमधल्या दोन औषधांपैकी उतारा एकावरच चालतो. घाई केली तर दुसरं एकटं उरतं आणि जनावर आकडी आल्यासारखं झटके देतं. ८.४१ ला तो उभा राहिला, दोनदा अडखळला आणि चालू लागला.

मग चुकलेला डार्ट शोधला. त्यात पूर्ण औषध होतं आणि त्या वाटेने शाळेची पोरं जातात. ४० मिनिटांनी सापडला.

दुपारी देवळ्यात परतले. दोन गाई, एक वासरू.

४ वाजता भिल्ल वस्तीवर शेळ्यांना लस टोचायला गेले. तिथे एका बाबांच्या घरात आढ्याला तीरकमठा टांगलेला आहे. बांबूची कमान, दोरीही बांबूच्याच पट्टीची. सकाळचं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न केला, “जित्तं शे ना?” हो म्हटल्यावर त्यांनी आजोबांचे दोन तीर खाली काढले. एक लोखंडी पात्याचा. दुसऱ्याला पातंच नव्हतं, टोकाला लाकडाचा बोथट गोळा. हा पाखरांसाठी, ते म्हणाले, फाडत नाही, नुसता धक्का देतो. मी तो तळहातावर तोलून पाहिला. एका घरात दोन कामांसाठी दोन वजनं, आणि तराजू कुणाकडेच नव्हता. बाबांनी हरीण कधी मारलं नाही. कमान मात्र दरवर्षी तेल लावून ठेवतात.

६ ला गोठ्यामागे कडब्याने भरलेल्या पोत्यावर कोळशाने मांडी काढली आणि पाणी भरलेले डार्ट मारले, समोरून वारा येईल असा पंखा लावून. दहापैकी सात आत बसले. वाऱ्यात दाब किती वाढवायचा ते वहीत लिहिलं.

९.१० ला वनरक्षकाचा फोन आला. नर पाणवठ्यावर आला होता, पाणी प्यायला, पुन्हा कळपात गेला. मागचा पाय टेकवतो का? टेकवतो. लघवी केली का, रंग कसा होता, मी विचारलं. अंधारात दिसला नाही, म्हणाला. सकाळी ६ ला तो पुन्हा पाणवठ्यावर जाऊन बसणार आहे. परवाही जा म्हटलं, आणि तेरवाही.