चौदा सेकंदांत कळंबोली ते किवळे

नवी मुंबईच्या डोक्यावरून, ८१७ किलोमीटर उंचीवरून, रिसोर्ससॅट-२ धावतो. कळंबोलीहून किवळ्याला जाणारा द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा. तेवढं अंतर हा उपग्रह किती वेळात कापतो? १४ सेकंदांत! आपला सीटबेल्ट लावून होईपर्यंत पुणं आलंसुद्धा, आणि जाता जाता खालचा १४० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपून झाला.

याच चित्रांवरून देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण देशाचं जंगल मोजतं. चित्रातली एक चौकट २३.५ मीटरची, म्हणजे लोकलच्या डब्यापेक्षा जेमतेम दोन मीटर लांब. अशा १८ चौकटींचा झाला एक हेक्टर. त्या हेक्टरातली निदान दहा टक्के जमीन झाडांच्या शेंड्यांनी झाकलेली असली, की नकाशावर ते वनाच्छादन. सर्वेक्षणाच्या १९८७ च्या पहिल्या अहवालात ४०० हेक्टरांहून लहान जंगल उमटतच नव्हतं!

पण जंगलात लाकूड किती, हे कळायला बुंध्याचा घेर लागतो. तो आकाशातून कसा कळणार? त्यासाठी माणूसच हवा. देशावर ५ किलोमीटर बाय ५ किलोमीटरची जाळी आखायची, निवडलेल्या जागी चालत पोचायचं, १.३७ मीटर उंचीवर झाडाला टेप गुंडाळायची. खाडीकाठच्या तिवरांत शिरायचं तर ओहोटी गाठायची, गुडघाभर चिखल तुडवायचा. माझ्या लेखी या मोजणीतलं सर्वांत अवघड काम हेच.

आता चौकटी मोजू या. एका चौकटीला एक सेकंद. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य १६.९ चौरस किलोमीटर, म्हणजे साडेतीस हजार चौकटी. साडेआठ तास, एक पाळी भरली. सिडकोची ३४४ चौरस किलोमीटरची अख्खी नवी मुंबई? रात्रंदिवस बसलात तर आठवडा. २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचं वनाच्छादन ५०,७९८ चौरस किलोमीटर: १४८ नवी मुंबया, जवळपास तीन वर्षं! संपूर्ण महाराष्ट्र? साडेसतरा वर्षांहून जास्त. आणि देश? ५९५ कोटी चौकटी, १८८ वर्षं! १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हा मोजायला बसलेला माणूस अजून उठला नसता.

त्याच चौकटी एकापुढे एक लावा. १४ कोटी किलोमीटर! चंद्रावर १८२ वेळा जाऊन परत. सूर्य आहे १५ कोटी किलोमीटरवर, थोडक्यात राहिला. पण अहवाल दर दोन वर्षांनी येतो. पुढच्या अहवालाच्या चौकटी जोडल्या, की रांग सूर्य ओलांडून पार पलीकडे!