आधी सामान, मग घर!

अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रिमेंट, डिपॉझिट, ब्रोकर, टेम्पो... सिल्व्हर पार्कात भाड्याने राहणाऱ्यांना शिफ्टिंगचं काय कौतुक? पण दर वेळी एक गोष्ट नव्याने कळते. भिंतीला ठोकलेलं कपाट मागे राहतं, टेम्पोत चढतं तेवढंच आपलं!

कॉम्प्युटरचंही सेम टु सेम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सिक्युरिटीची सोय लागते, प्रोसेसरही साधारण २०१७-१८ नंतरचा हवा. आमचा लॅपटॉप २०१५ चा. तब्येत ठणठणीत, पण नव्या बिल्डिंगमध्ये नो एन्ट्री! नवा घ्यायचा तर आणखी एक ईएमआय. मित्र म्हणाला, ‘‘लिनक्स टाक की, फुकट आहे.’’

टाकलंही असतं. पण त्याच लॅपटॉपवर बाबांच्या आठवणी होत्या. रिटायर झाल्यावर एका बोटाने टाइप केलेली १६२ पानं.

म्हणून आधी ट्रायल. लिनक्स पेन ड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करताही चालवून बघता येतं. सुरू केलं, बाबांची फाइल उघडली आणि पोटात गोळाच आला. मराठीचं नाव नाही. इंग्रजी अक्षरं आणि कंसांची नुसती खिचडी. बाबा चष्मा पुसत म्हणाले, ‘‘गेलं का रे सगळं?’’

गेलं नव्हतं. जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या कोडवर मराठी आकाराचा मुखवटा चढवायचे. फॉन्ट नाही, तर मुखवटा नाही. युनिकोडमध्ये मात्र ‘क’ला स्वतःचा नंबर आहे. तो विंडोजवर तोच, लिनक्सवर तोच, मोबाइलवरही तोच.

मग गपचूप विंडोजवर परतलो आणि तिथेच लिबरऑफिस टाकलं. आता तुम्ही म्हणाल, ते तर लिनक्सवाल्यांचं ना? इथेच सगळे गंडतात! ओपन सोर्स म्हणजे लिनक्सच असं काही नाही. फाइल उघडणं, खिडकी दाखवणं अशा कामांसाठी प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमशी तिच्या भाषेत बोलतो. सोर्स कोड खुला असला की ती बोलणी कुणीही दुसऱ्या भाषेत लिहू शकतं. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी युनिक्ससाठी केलेला फोटो एडिटर ‘गिम्प’ विंडोजवर आला, तो टोर लिल्क्विस्ट या फिनलंडच्या प्रोग्रॅमरच्या खटाटोपामुळे. त्यासाठी त्याला कुणाच्या दारात ताटकळत बसावं लागलं नाही. व्हीएलसी, फायरफॉक्स हीसुद्धा अशीच टेम्पोत चढणारी मंडळी.

दोन रविवार कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणला. पहिली वेलांटी आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचे, ते हाताने हलवले. बाबा लिबरऑफिस शिकले आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वरून. दहा-दहा मिनिटांचे धडे, तेही मराठीत! महिनाभर विंडोजवरच हात बसवला. सगळ्याचा बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर घेतला, आणि मग घर बदललं.

सगळंच गोड नाही हं. मॅक्रो ठासून भरलेल्या एक्सेल शीट्स लिबरऑफिसमध्ये रुसतात. विंडोजचे काही प्रोग्रॅम लिनक्सवर ‘वाइन’मधून चालतात (१९९३ पासूनचा उद्योग, पिण्याशी संबंध नाही!), पण प्रत्येक चालेलच असं नाही. नेमका आपल्याला लागणाराच अडतो, हा माझा अनुभव. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर हे प्रयोग अजिबात नकोत. आयटीवाले फाडून खातील.

परवा चर्चगेटहून लटकत घरी आलो, तर बाबा स्क्रीनसमोर. लिनक्स आहे की विंडोज, त्यांच्या गावीही नव्हतं. म्हणाले, ‘‘सत्तेचाळीसाव्या पानावर ‘गर्दी’चा रफार अजून चुकलाय. आणि हो, १६३ वं पान सुरू केलंय.’’