संगणक-जाळ्यातील उपकरणांचा पर्यायी विद्युत्पुरवठा

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथील वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला आणि मुंबई विद्यापीठास त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. अशा प्रसंगी विद्यार्थ्याच्या लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. खोळंबा होतो तो भिंतीवरील राउटर बंद पडल्यामुळे. जेमतेम पंधरा वॉट खपाचे हे उपकरण चालू कसे ठेवावे, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

प्रथम मार्ग कोठे तुटतो ते पाहिले पाहिजे. अंबरनाथ पश्चिमेतील एखाद्या इमारतीत ऑप्टिकल फायबर निष्क्रिय विभाजकातून थेट घरात येत असेल, तर सेवादात्याचे केंद्र व आपले घर यांच्या दरम्यान वीज लागणारे काहीच नसते. परंतु केबलचालकाने जिन्याखालच्या पेटीत स्विच बसवून तेथून तांब्याची तार घरोघर नेली असेल, तर त्या स्विचला बॅटरी नसताना घरात कितीही मोठा यूपीएस ठेवणे व्यर्थ होय. खरेदीपूर्वी ही चौकशी अवश्य करावी.

यूपीएसवरील ‘६०० व्होल्ट-अँपिअर’ हा आकडा भार पेलण्याची मर्यादा दाखवितो, कालावधी नव्हे. कालावधी बॅटरीवर अवलंबून असतो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत ८४ वॉट-तास ऊर्जा असते. तीही वीस तासांच्या मंद विसर्जनाच्या हिशेबाने. शिवाय यूपीएस एकदिश प्रवाहाचा प्रत्यावर्ती प्रवाह करतो आणि राउटरचा अ‍ॅडॉप्टर त्याचा पुन्हा एकदिश करतो! या द्राविडी प्राणायामात यंत्राचा स्वतःचा खप राउटरच्या खपाइतका होऊ शकतो. म्हणून एकट्या राउटरसाठी थेट १२ व्होल्ट पुरविणारा लहान यूपीएस अधिक युक्त वाटतो.

मात्र तेथेही एक फसगत संभवते. वेष्टनावरील ८००० मिलीअँपिअर-तास हे बहुधा ३.७ व्होल्टच्या लिथियम घटांचे असतात, १२ व्होल्टचे नव्हेत. अर्थात ऊर्जा ९६ नव्हे, सुमारे ३० वॉट-तास भरते. रूपांतरातील घट वजा जाता पंधरा वॉटांचा भार दीड तासाच्या आसपास चालेल.

व्होल्टता उतरल्याची चिंता फारशी नको, कारण बहुतेक अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काम करतात. धोका चढत्या व्होल्टतेचा. त्रिकला वितरणात न्यूट्रल तार तुटल्यास २३० व्होल्टच्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो, आणि त्यापासून साधा ऑफलाइन यूपीएस भरवशाचे संरक्षण देत नाही. विभागातील सर्व्हर व मुख्य स्विच यांसाठी सतत दुहेरी रूपांतर करणारा ऑनलाइन यूपीएस, योग्य भूसंपर्कन आणि अतिदाब होताच पुरवठा तोडणारे साधन यांचा खर्च समर्थनीय ठरतो.

राहता राहिली उष्णता. २५ अंश सेल्सिअसच्या वर दर दहा अंशांस शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते. अंबरनाथ-बदलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या बंद पेटीत ठेवलेली बॅटरी म्हणूनच वर्षातून दोनदा प्रत्यक्ष भार लावून तपासावी. केवळ हिरवा दिवा पाहून स्वस्थ बसू नये.