खमीर बदलले की चव बदलते
अदानाच्या ‘शलगम’पासून घेण्यासारखा धडा

तुर्कस्तानच्या दक्षिणेस अदाना, मर्सिन आणि टार्सस या शहरांत कबाबबरोबर जांभळट-लाल रंगाचे, आंबट-खारट पेय दिले जाते. त्याला ‘शलगम’ म्हणतात. नाव सलगमचे असले तरी मुख्य माल काळे गाजर. सलगम थोडेच पडते. पूर्वीपासून घरोघरी होणारे हे पेय आज कारखान्यांतून बाटलीबंद होऊन विकले जाते. लोणची, सिरका, सरबते यांचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांना त्यातून बरेच शिकता येईल, असे आम्हाला वाटते.

गाजर तेच, मीठ तेच, पाणीही तेच. तरी दोन कारागिरांच्या शलगमची चव वेगळी लागते. याचे मोठे कारण खमीर.

जुन्या पद्धतीत काम दोन टप्प्यांत चालते. उकडून वाळवलेल्या गव्हाचे, म्हणजे बुलगूरचे पीठ, मीठ, आंबवलेली कणीक आणि पाणी एकत्र मळून काही दिवस ठेवतात. मग पाणी घालून त्याचा आंबट अर्क काढतात. हा अर्क, चिरलेली काळी गाजरे, सलगम, मीठ व पाणी पिंपात भरून पुन्हा आंबवतात. दुसरी पद्धत थेट आहे. तीत कणकेचा टप्पा गाळून गाजराच्या मिठाच्या पाण्यात बेकरीचे यीस्ट घालतात. वेळ आणि मजुरी वाचते, पण आंबट आणणारे जिवाणू सुरुवातीला कमी असतात.

हे जिवाणूही एका जातीचे नसतात. लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टारम मुख्यतः दह्यातले आम्ल तयार करतो. त्याचा आंबटपणा साफ लागतो. लॅक्टोबॅसिलस फर्मेंटम त्याबरोबर सिरक्यातले आम्ल, वायू आणि थोडा मद्यार्कही निर्माण करतो; त्यामुळे चव झणझणीत होते. यीस्टमुळे वायू, मद्यार्क आणि पावासारखा वास येतो. अदानाच्या चुकुरोवा विद्यापीठातील संशोधकांनी शलगममधील जिवाणू वेगळे करून त्यांचेच खमीर वापरून पाहिले आहे.

आपल्याकडे उत्तर भारतात काळ्या गाजराची कांजी होते. तीत खमीर घालत नाहीत. मोहरीची पूड, मीठ आणि ऊन यांवर काम चालते. गाजरावर असतील ते जिवाणू वाढतात. म्हणून हवामान बदलले की चवही बदलते. घरी हे चालते, दुकानात नाही. गिऱ्हाईक गेल्या वेळची चव मागायला येते.

यासाठी काही गोष्टी पाळाव्यात. उत्तम उतरलेल्या घाण्यातील थोडे पाणी स्वच्छ बरणीत थंड जागी राखून पुढच्या घाण्याला विरजण म्हणून वापरावे. मीठ अंदाजाने नव्हे, तोलून घालावे. शलगममध्ये ते साधारण १ ते २ टक्के असते. पिंप एकाच जागी, सारख्या उष्णतेत ठेवावे. आंबटपणा पीएच पट्टीने तपासावा. तयार शलगमचा पीएच ४ च्या खाली असतो. विरजणाला बुरशी किंवा घाण वास आला तर मोह न धरता ते फेकून द्यावे.

एक बाब आपल्या व्यापाऱ्यांसाठी विशेष महत्त्वाची. यीस्ट जास्त आणि मुरण्याचे दिवस लांबले, तर मद्यार्क वाढू शकतो. बाटलीवर ‘हलाल’ लिहिण्यापूर्वी माल प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा आणि आलेला आकडा उलेमांपुढे ठेवून विचारावे. चवीसाठी जोडलेले गिऱ्हाईक विश्वासावरच टिकते.